मुदतीवर आणलेली माणसं

१० सप्टेंबर १९६४. पश्चिम जर्मनीतल्या कोलोन-डॉइट्झ स्थानकात परदेशी कामगारांना घेऊन आलेली गाडी थांबली आणि लाउडस्पीकरवरून एका ३८ वर्षांच्या पोर्तुगीज सुताराचं नाव पुकारलं गेलं : आर्मांडो रोड्रिगेश द सा. तो दचकला. कागदपत्रांत काहीतरी खोट निघाली, आता परत पाठवणार, अशीच त्याची समजूत झाली असं सांगतात. प्रत्यक्षात मालकांच्या संघटनेनं त्याला 'दहा लाखावा पाहुणा कामगार' म्हणून सत्कारासाठी निवडलं होतं. बँड वाजला, हातात फुलं आली, नवीकोरी मोपेड भेट मिळाली. मोपेडपाशी उभ्या असलेल्या, गोंधळून गेलेल्या त्या माणसाचा फोटो जर्मनीत आजही सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

ती मोपेड बॉनच्या इतिहास संग्रहालयात जपून ठेवली आहे. माणसाची मात्र कुणी एवढी काळजी घेतली नाही. काही वर्षांनी तो आजारी पडून मायदेशी परतला. कॅन्सरचं निदान झालं आणि जर्मनीत राबून साठवलेले पैसे उपचारांत संपले. ज्या आजार विम्यासाठी पगारातून कपात होत होती, त्यातून आपल्याला मदत मागता येते हे त्याला ठाऊकच नव्हतं. १९७९ मध्ये तो गेला.

घर सोडून दुसऱ्या देशात नवं आयुष्य उभारायला निघालेल्या माणसाबद्दल बोलताना आपली चर्चा बहुतेक वेळा दोनच प्रश्नांभोवती फिरते. त्यानं जावं की जाऊ नये? आणि त्या देशानं त्याला घ्यावं की घेऊ नये? मला हे दोन्ही प्रश्न आता अपुरे वाटतात. माणसं जातात, पूर्वीपासून जात आली आहेत, आणि ज्यांना त्यांच्या श्रमाची गरज असते ते देश त्यांना घेतातही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. बोलावून आणलेल्या माणसाला एखादा देश किती वर्षं 'तात्पुरता' ठेवू शकतो? वर्षामागून वर्ष परवान्याचं नूतनीकरण करत, कधीही जायला सांगता येईल अशा अवस्थेत, पण कायमचं कधीच होता येणार नाही अशा रीतीनं माणसाला वापरण्याचा अधिकार कुणाला आहे का?

माझं उत्तर स्पष्ट आहे : नाही. ज्याला कामासाठी देशात घेतलं, त्याला पहिल्याच दिवशी कायम वास्तव्याकडे जाणारा रस्ता दिसला पाहिजे. त्या रस्त्याच्या अटी लेखी हव्यात आणि शेवटी एक तारीख हवी. त्या रस्त्यानं जायचं की मधूनच मायदेशी परतायचं हे त्यानं ठरवावं. रस्ताच न ठेवणं हा अन्याय आहे. इतिहास पाहिला तर असं दिसतं की यात त्या माणसाचं नुकसान तर होतंच, पण ज्या हेतूनं सरकारं हे करतात तो हेतूही साधत नाही.

हा मूठभर लोकांचा प्रश्न नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ च्या मध्याला जगात सुमारे ३० कोटी ४० लाख माणसं जन्मदेशाबाहेर राहत होती. जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण ३.७ टक्के भरतं, म्हणजे अजूनही शंभरातली शहाण्णव माणसं आपल्याच देशात राहतात. 'सगळं जग इकडे लोटतंय' ही अनेक देशांतल्या राजकारणाला सोयीची भीती आकड्यांत बसत नाही. पण तीस कोटी हा आकडा लहानही नाही, आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येचं आयुष्य कुठल्या ना कुठल्या मुदतीच्या कागदावर चाललेलं आहे.

एके काळी हे चित्र वेगळं होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी युरोपातून अमेरिकेकडे निघणाऱ्याला बहुधा व्हिसा लागत नसे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं केंद्र १८९२ ते १९५४ या काळात चाललं. तिथून सुमारे १ कोटी २० लाख लोक आत गेले, आणि नाकारले गेलेल्यांचं प्रमाण जेमतेम दोन टक्के होतं. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. हेच दार चिनी मजुरांसाठी १८८२ च्या कायद्यानं बंद झालं होतं, आणि वंश पाहून माणसं निवडण्याची वृत्ती १९२४ च्या कोटा पद्धतीत उघड दिसली. पण ज्यांना आत घेतलं जाई, त्यांच्या डोक्यावर मुदतीची तलवार नसे. आणि इथेच एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : त्या मोकळ्या काळात अमेरिकेला गेलेल्या युरोपीय लोकांपैकी साधारण एक तृतीयांश परत आले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. इटालियन लोकांमध्ये तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. चार पैसे गाठीला बांधले, जमीन घेतली, बहिणीचं लग्न केलं, आणि पुन्हा गरज पडली तर पुन्हा बोट धरली. राहण्याची सक्ती नव्हती आणि जाण्याचीही नव्हती.

आता पुन्हा जर्मनीकडे वळू, कारण मुदतीवर माणसं आणण्याचा प्रयोग तिथे फार मोठ्या प्रमाणावर झाला. युद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडू लागली तेव्हा पश्चिम जर्मनीनं १९५५ मध्ये इटलीशी, मग स्पेन, ग्रीस, आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. तुर्कस्तानच्या करारातली कल्पना अशी होती की माणूस दोन वर्षं काम करेल, परत जाईल आणि त्याच्या जागी दुसरा येईल. फिरता पाळणा. कागदावर कुणाचंच नुकसान नाही. पण दोन वर्षांत शिकवून तयार केलेला कामगार घालवून पुन्हा नवख्याला शिकवायला सुरुवात करणं मालकांनाच परवडेना. १९६४ मध्ये ही दोन वर्षांची अट काढून टाकली गेली. म्हणजे माणसं तात्पुरती राहणार नाहीत हे राज्यकर्त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरीही पुढची कित्येक दशकं 'आम्ही स्थलांतरितांचा देश नाही' हे वाक्य जर्मन राजकारणात गंभीरपणे उच्चारलं जात राहिलं.

१९५५ ते १९७३ या काळात साधारण १ कोटी ४० लाख परदेशी कामगार पश्चिम जर्मनीत आले आणि त्यांतले जवळपास १ कोटी १० लाख परत गेले. बहुसंख्य खरोखरच परत जात होते! मग नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या वेळी, सरकारनं भरती थांबवली. परदेशी लोकांची संख्या कमी करायची हा हेतू. घडलं उलटं. तोवर वर्ष-दोन वर्षं गावी जाऊन पुन्हा येता येत होतं. आता एकदा गेलं की परतीचा दरवाजा बंद, हे प्रत्येकाला कळलं. ज्यांनी सहज परत जायचं ठरवलं असतं ते मुक्काम करून राहिले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. काम करणाऱ्या परदेशी लोकांची संख्या घटली, पण एकूण परदेशी लोकसंख्या घटली नाही. १९८३ मध्ये सरकारनं परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क देऊ केले. काही लोक गेले, पण बहुतेक राहिले. त्यांची मुलं जर्मन शाळेत होती. त्या मुलांना जन्मानं नागरिकत्व मिळण्याची सोय मात्र १ जानेवारी २००० पासून झाली. तोवर जर्मनीत जन्मलेला, जर्मन बोलणारा, जर्मनीबाहेर कधी न राहिलेला मुलगा कायद्यानं परदेशी होता.

मेक्सिको आणि अमेरिका यांच्यातही हेच झालं. १९४२ ते १९६४ पर्यंत 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकन शेतमजूर हंगामापुरते अमेरिकेत जात. त्या योजनेत शोषण भरपूर होतं. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापून मेक्सिकोच्या बँकांकडे पाठवले गेले आणि अनेकांना ते पैसे कधी दिसलेच नाहीत. म्हातारपणी त्यासाठी निदर्शनं आणि कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. योजना बंद झाली तरी माणसं सीमा ओलांडून हंगामाला जात आणि परत येत राहिली. पुढे, विशेषतः १९९० च्या दशकात, सीमेवर पहारा वाढला. ओलांडणं महाग आणि जिवावर बेतणारं झालं. मग एकदा पलीकडे पोचलेला माणूस परत येईना, कारण पुन्हा जाणं जमेल याची खात्री उरली नव्हती. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञानं या विषयावर आयुष्यभर काम केलं आहे, आणि त्याचा निष्कर्ष हाच आहे की वाढत्या पहाऱ्यानं ये-जा करणाऱ्यांना कायमचं तिथे अडकवलं.

म्हणून मला वाटतं, सरकारांनी ही गोष्ट एकदा नीट समजून घ्यावी. परतीचा रस्ता तेव्हाच मोकळा राहतो जेव्हा पुन्हा येण्याचा रस्ता मोकळा असतो. २००४ नंतर पोलंडचे लाखो लोक युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या हक्कानं ब्रिटनला गेले. २००८ च्या मंदीत त्यांतले बरेच जण कुणी न हाकलता आपणहून परतले. त्यांना काही गमावण्याची भीती नव्हती.

पण धोरण फसतं हे मी मांडलं, तरी मला जास्त बोचतं ते दुसरंच. मुदतीवर जगणाऱ्या माणसाच्या आयुष्याचं काय होतं ते.

स्वित्झर्लंडमध्ये १९३४ पासून हंगामी कामगारांचा एक वेगळा परवाना होता. वर्षातले नऊ महिने काम, तीन महिने देशाबाहेर, पुढच्या वर्षी पुन्हा. बांधकामं, हॉटेलं, शेतं या माणसांवर चालली. आधी इटालियन, मग स्पॅनिश, पोर्तुगीज, युगोस्लाव्ह. या परवान्यावर कुटुंब आणायला मनाई होती. आईबाप दोघंही हंगामी असले तर मुलांना मागे आजी-आजोबांकडे ठेवायचं, नाहीतर सीमेजवळच्या अनाथाश्रमात. आणि ज्यांना हे सहन झालं नाही त्यांनी मुलांना लपवून आणलं. अशी हजारो मुलं स्वित्झर्लंडच्या खोल्यांमध्ये दिवसभर आवाज न करता राहिली. खिडकीजवळ जायचं नाही, रडायचं नाही, दार वाजलं तर कपाटात शिरायचं. शाळा नाही, मित्र नाहीत. शेजाऱ्यानं तक्रार केली की आईबापांचा परवाना जाणार. युरोपातल्या अतिशय श्रीमंत, शांत, नियमप्रिय देशात ही मुलं वाढली, आणि हा कायदा २००२ पर्यंत टिकला. आज ती मुलं साठी-सत्तरीला आली आहेत, संघटना करून आपली कहाणी सांगत आहेत, आणि देशानं झालेला अन्याय मान्य करावा अशी त्यांची मागणी आहे. ती मागणी मला अतिशय रास्त वाटते. कुणीही अधिकारी क्रूर नव्हता. प्रत्येकानं नियम पाळला. नियमातच मूल धरलेलं नव्हतं.

आज असे परवाने असलेले देश बदलले, पण रचना तीच आहे. आखाती देशांतल्या 'कफाला' पद्धतीत परदेशी कामगाराचं कायदेशीर अस्तित्व एका मालकाशी, कफीलशी, बांधलेलं असतं. कतार आणि संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ परदेशी आहेत. म्हणजे संपूर्ण देश ज्यांच्या हातांवर उभा आहे ती बहुसंख्य माणसं तिथे कधीच नागरिक होणार नाहीत, तीस वर्षं राहिली तरी. कतारनं २०१८ ते २०२० च्या दरम्यान देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी घेण्याची अट काढली आणि नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राचीही गरज कायद्यानं उरली नाही. अंमलबजावणीबद्दल तक्रारी राहिल्या. पण जगाचं लक्ष फुटबॉलच्या विश्वचषकाकडे लागलं तेव्हा जे नियम 'आमची पद्धत' म्हणून अनेक दशकं अटळ ठरवले होते, ते दोन-तीन वर्षांत बदलता आले, हे लक्षात ठेवायला हवं.

हा त्रास फक्त मजुरांनाच होतो असं मात्र नाही. उच्चशिक्षित, भरपूर कमावणारा माणूसही याच अवस्थेत अडकतो. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात. या संख्येत अर्जदाराबरोबर त्याची बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. हा नियम देशाची लोकसंख्या पाहत नाही. त्यामुळे भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग काही प्रवर्गांत कित्येक दशकांची झाली आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साधारणपणे साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सगळं आवरून निघायचं. लहान असताना बरोबर नेलेलं मूल तिथेच वाढतं आणि आईबाप अजून रांगेत असतानाच एकवीस वर्षांचं झालं तर बहुतेक वेळा त्यांच्या अर्जातून बाहेर पडतं. मग त्याला विद्यार्थी व्हिसा किंवा आणखी कुठला तरी वेगळा आधार शोधावा लागतो. ज्या देशाखेरीज त्याला दुसरा देश आठवत नाही, त्याच देशात तो अचानक पाहुणा होतो.

अशा माणसाचं घर सुस्थितीत असतं, गाडी दारात असते, म्हणून त्याच्याबद्दल कुणाला कणव वाटत नाही. मला वाटते. कारण कुठलाही मोठा निर्णय त्याला पूर्णपणे घेता येत नाही. घर घ्यावं का? नोकरी आवडत नाही, सोडावी का? वरिष्ठ त्रास देतो, तक्रार करावी का? गावी वडील शेवटच्या आजारात आहेत, पण व्हिसाचा शिक्का मारून घ्यायचा राहिला आहे. गेलो आणि परत येणं अडलं तर? हा शेवटचा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी तो विचारताना माणूस खाली पाहतो. आईवडिलांच्या अंत्यसंस्काराला न पोचलेली माणसं दुर्मिळ नाहीत. त्यांचं प्रेम कमी होतं असं नाही. एक कागद त्या वेळी अर्धवट होता.

अशी माणसं जगणं पुढे ढकलत राहतात. ग्रीन कार्ड आलं की, कायम वास्तव्य मिळालं की, नागरिकत्व झालं की. तिथली भाषा नीट शिकायची, शेजाऱ्यांशी ओळख वाढवायची, तिथल्या नगरपालिकेच्या बैठकीला जायचं, हे सगळं 'नक्की झाल्यावर' करायचं. आणि मग ज्या समाजानं त्यांना नक्की होऊ दिलं नाही तोच समाज म्हणतो, हे लोक मिसळत नाहीत. मिसळण्यासाठी माणसाला उद्याची खात्री लागते. जे घर उद्या सोडायला लागेल त्याच्या अंगणात कुणी झाड लावत नाही.

या सगळ्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, संख्या आणि हक्क यांच्यात अदलाबदल असते. जे देश जास्त हक्क देतात ते कमी माणसांना घेतात, आणि जे सगळ्यांत कमी हक्क देतात ते आखाती देशच लोकसंख्येच्या मानानं सगळ्यांत जास्त माणसांना घेतात. गरीब देशातल्या मजुराला आखातात मिळणारा पगार त्याच्या घराचं नशीब बदलून टाकतो. तुम्ही हक्कांचा आग्रह धराल तर त्याचं दारच बंद होईल. त्याला विचारा, तो हक्कांशिवाय जाणं पसंत करेल.

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि तो करणाऱ्यांना गरिबांची काळजी नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. काही हक्क खर्चिक असतात, उदाहरणार्थ घरबांधणीसाठी अनुदान किंवा बेकारी भत्ता, आणि ते येताच सगळे मिळावेत असा माझा आग्रह नाही. पण पासपोर्ट स्वतःच्या हातात असणं, वाईट मालक सोडून दुसऱ्याकडे जाता येणं, मुलाला बरोबर ठेवता येणं, 'इतकी वर्षं कायदा पाळून काम केलंस तर कायमचा राहू शकतोस' हे लेखी मिळणं, यासाठी सरकारी तिजोरीतून काय जातं? या हक्कांनी कुणाचं दार बंद होत असेल तर ते दार बंद करणाऱ्याला श्रमिक नको आहे, अडकलेला श्रमिक हवा आहे. दुसरं असं की माणसानं नाइलाजानं दिलेला होकार हा त्या अटी योग्य असल्याचा पुरावा नसतो. जिथे घरी कर्ज आहे आणि एजंटला आगाऊ पैसे भरून झाले आहेत, तिथे माणूस कुठल्याही कागदावर अंगठा उठवेल. म्हणूनच तर कामगार कायदे निर्माण झाले.

स्थानिक कामगारांचा प्रश्नही खोटा नाही. परदेशातून आलेल्यांमुळे आपली मजुरी पडते ही भीती जगभर आहे. यावर अर्थतज्ज्ञांची भांडणं अनेक वर्षं चालू आहेत. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसं अमेरिकेत आली, त्यांतली बरीच मायामीत राहिली; तिथल्या मजुरीवर काय परिणाम झाला यावरही डेव्हिड कार्ड आणि जॉर्ज बोर्हास या अर्थतज्ज्ञांचं एकमत झालेलं नाही. पण ब्रासेरो योजना १९६४ मध्ये बंद करताना कारण हेच दिलं होतं की मेक्सिकन मजूर गेले की अमेरिकन शेतमजुरांची मजुरी वाढेल. पुढे अर्थतज्ज्ञांनी त्या काळच्या नोंदी तपासल्या तेव्हा तशी वाढ दिसली नाही; मालकांनी यंत्रं आणली, पिकं बदलली. मला वाटतं, मजुरी पाडतो तो माणूस नव्हे, त्याची असहायता पाडते. ज्याला नोकरी सोडता येत नाही तो कमी पगार मुकाट्यानं घेतो आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक कामगाराचीही किंमत त्यामुळे उतरते. परदेशी कामगाराला मालक बदलण्याचा हक्क द्या, त्यात स्थानिक कामगाराचंही भलं आहे. कामगार संघटनांनी तरी हे ओळखायला हवं; काहींनी ओळखलं आहे, बऱ्याच अजून परक्यांना अडवण्यातच शक्ती घालवतात.

आणि हे करता येतं. कॅनडानं १९६७ मध्ये गुणांकन पद्धत आणली : शिक्षण, भाषा, वय, अनुभव यांना गुण, आणि पुरेसे गुण असले तर येतानाच कायम वास्तव्य. वंश पाहायचा नाही. अलीकडे त्याच कॅनडानं विद्यार्थी आणि तात्पुरत्या कामगारांची संख्या इतकी वाढू दिली की कायम वास्तव्याच्या जागा त्या मानानं अपुऱ्या पडल्या, आणि २०२४ मध्ये सरकारला तात्पुरत्या रहिवाशांचं प्रमाण लोकसंख्येच्या ५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची घोषणा करावी लागली. तिथे शिकायला गेलेल्या हजारो मुलामुलींनी मोठी फी भरली होती ती पुढे कायम वास्तव्य मिळेल या आशेवर. आशा दाखवून पैसे घ्यायचे आणि मग रस्ता अरुंद करायचा, हे एका सभ्य देशाला शोभणारं नाही, मग कायदा काहीही म्हणो. स्पेननं २००५ मध्ये कागदपत्रं नसलेल्या सुमारे पावणेसहा लाख कामगारांना, त्यांच्याकडे नोकरीचा करार असेल या अटीवर, कायदेशीर दर्जा दिला. ते कर आणि सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरू लागले. कोलंबियानं २०२१ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्या सतरा लाखांहून जास्त लोकांसाठी दहा वर्षांच्या संरक्षणाची योजना जाहीर केली. कोलंबिया श्रीमंत नाही. पण आपली माणसं पूर्वी व्हेनेझुएलात पोट भरायला गेली होती हे त्या देशाला आठवत होतं. आणि जर्मनीनं २०२४ च्या नव्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला मान्यता दिली, नागरिकत्वासाठीची अट आठवरून पाच वर्षांवर आणली, आणि त्या पहिल्या पिढीच्या कामगारांसाठी लेखी परीक्षेची अट काढून बोलण्यापुरती भाषा पुरेशी मानली. ते लोक आता ऐंशीच्या आसपास आहेत. फार उशीर झाला, तरी ही दुरुस्ती योग्य आहे.

आता ज्या देशांतून माणसं जातात त्यांच्याबद्दल, कारण दोष एकाच बाजूचा नाही. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना बाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांकडून सुमारे ६५६ अब्ज डॉलर आले. थेट परकीय गुंतवणुकीपेक्षाही हा पैसा जास्त होता. सरकारं या आकड्याचा अभिमानानं उल्लेख करतात. पण दोनशे डॉलर घरी पाठवायला सरासरी सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो, आणि तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांवर आणण्याचं उद्दिष्ट अजून दूर आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचं योगदान लागतं. दोन्ही देशांतली योगदानाची वर्षं एकत्र धरण्याचा करार ज्या देशाचा अमेरिकेशी नाही, त्याचा माणूस नऊ वर्षं हप्ते भरून परतला तर ते पैसे त्याच्या म्हातारपणाला उपयोगी पडत नाहीत. असे करार करणं हे मायदेशाच्या सरकारचं काम आहे. कामगार पाठवण्याच्या वाटाघाटीत कोटा किती आणि व्हिसा किती यावर तासन् तास बोलणं होतं, आणि मालक बदलता येईल का, मुलं नेता येतील का, विम्याचे पैसे कुठे मिळतील, कितव्या वर्षी कायमचं होता येईल, हे प्रश्न मागे पडतात.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम प्रत्येकाला कुठलाही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क देतं. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क त्यात नाही, आणि कुणाला आत घ्यायचं हे प्रत्येक देशानं ठरवावं हे मलाही मान्य आहे. पण एकदा आत घेतल्यावर काय, याचं उत्तर देण्याचा प्रयत्न संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांच्या कराराद्वारे केला. तो २००३ पासून अमलात आहे. फिलिपाइन्स, मेक्सिको, मोरोक्को, तुर्कस्तान अशा माणसं पाठवणाऱ्या देशांनी त्याला मान्यता दिली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पश्चिम युरोपातले देश, आखाती देश, यांपैकी कुणीही दिलेली नाही. जगात सगळ्यांत जास्त माणसं ज्या देशाची बाहेर आहेत त्या भारतानंही दिलेली नाही. बाहेरून पैसे येत राहावेत म्हणून यजमान देशांना न दुखवण्याचं हे धोरण असेल तर ते बदललं पाहिजे, आणि ती मागणी परदेशी गेलेल्यांनी करण्याआधी त्यांच्या पैशांवर इथे घरं बांधलेल्या कुटुंबांनी आपल्या खासदारांकडे करायला हवी. परदेशातल्या माणसाला परवाना जाण्याची भीती असते. इथे बोलणाऱ्याला ती नाही.